समलिंगी जोडपं आणि मूल: हक्क कोणाचा, जबाबदारी कोणाची? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न लोक पुन्हा पुन्हा विचारतात, काही काळजीपोटी, काही चिडून, आणि काही असे लोक ज्यांच्या घरात आत्ता दोन आया किंवा दोन बाबा मिळून एक मूल वाढवतायत. उत्तरं भारतातल्या कायद्याला धरून दिली आहेत, मधेमधे बाहेरच्या देशांतल्या केसेस येतील कारण तिथे हे प्रश्न कोर्टात आधी गेले. मी तटस्थ नाहीये, ते आधीच सांगते. माझं म्हणणं असं की या वादात दोन्ही बाजू मोठ्या माणसांच्या हक्कावर भांडत बसतात, पण मुलाच्या बाजूने उभं राहून बघितलं तर पहिला प्रश्न हा येतो की या मुलाची जबाबदारी कायद्याने किती जणांवर टाकली आहे, एकावर की दोघांवर.

आज भारतात समलिंगी जोडप्याला मूल दत्तक घेता येतं का?

जोडपं म्हणून नाही. काराचे (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) २०२२ चे दत्तक नियम आहेत त्यात ५(३) नंबरचा नियम म्हणतो की जोडप्याला मूल द्यायचं तर त्यांचं किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं पाहिजे (नातेवाईकाचं किंवा सावत्र मूल असेल तर सूट आहे). समलिंगी लग्नाला कायद्यात मान्यता नाही, त्यामुळे ती दोन वर्षं मोजायला सुरुवातच होत नाही, मग ती दोघं वीस वर्षं एकत्र राहत असली तरी.

पण एकट्या माणसाला दत्तक घेता येतं ना? मग तक्रार कशाची?

हो येतं. बाल न्याय कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे अविवाहित, घटस्फोटित कोणीही घेऊ शकतं, बाईला मुलगा किंवा मुलगी दोन्ही, पुरुषाला फक्त मुलगा. आणि ती व्यक्ती समलिंगी आहे म्हणून तिला नाही म्हणा असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून बरीच जोडपी हाच रस्ता धरतात, दोघींपैकी एक कागदावर आई होते आणि दुसरी घरात आई असते.

आता खरी अडचण इथून पुढे आहे आणि ती नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी उत्तरं यावरच उभी आहेत.

ती दुसरी आई रात्री ताप आला तर जागते, शाळेची फी भरते, पालकसभेला जाते. कायद्याच्या लेखी ती मुलाची कोणीही नाही. त्यामुळे तिला हक्क नाहीत हे सगळ्यांना कळतं, म्हणजे ऑपरेशनच्या फॉर्मवर पालक म्हणून तिची सही चालत नाही, पासपोर्टवर तिचं नाव येत नाही. पण तिच्यावर जबाबदारीही नाहीये हे कोणी बोलत नाही! ती उद्या घर सोडून गेली तर मुलासाठी तिच्याकडे एक रुपया मागता येत नाही, कारण मूल पोटगी मागू शकतं ते आई किंवा वडिलांकडे आणि ती कागदावर आई नाही. ती मृत्युपत्र न करता गेली तर तिच्या नावावरचं घर तिच्या आईवडिलांकडे नाहीतर भावंडांकडे जाणार, ज्या मुलाला तिने दहा वर्षं वाढवलं त्याला वारस म्हणून काहीच मिळणार नाही. आणि कागदावरची आई आधी गेली तर मूल कोणाकडे राहणार हे कोर्ट ठरवणार, तिथे पहिलीचा भाऊ, काका, मामा सगळे दावा सांगू शकतात आणि ज्या बाईला ते मूल रोज हाक मारतं तिला स्वतःचं नातं शून्यापासून सिद्ध करावं लागतं.

उलट्या बाजूनेही बघा. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा निर्वाह कायदा आहे, त्यात मुलांनी म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळायची सक्ती आहे, जन्मदाते, दत्तक घेणारे, सावत्र सगळे त्यात येतात. ही दुसरी आई त्यात येत नाही. म्हणजे मुलाचं तिच्याप्रती कर्तव्यही कायदा मानत नाही.

मग मान्यता न दिल्याने वाचलं कोण? ज्याला जबाबदारी टाळायची आहे तो मोठा माणूस वाचला. मूल उघड्यावर पडलं.

सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये नेमकं काय सांगितलं?

समलिंगी लग्नाला मान्यता द्या अशा याचिकांवरचा १७ ऑक्टोबर २०२३ चा पाच न्यायमूर्तींचा निकाल. लग्न करायचा मूलभूत हक्क घटनेत नाही यावर पाचही जणांचं एकमत झालं. दत्तकाच्या बाबतीत मात्र तीन विरुद्ध दोन. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल म्हणाले की ५(३) नियम भेदभाव करणारा आहे, घटनेत बसत नाही. न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंहा म्हणाले की नियम रद्द करता येणार नाही. फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

लोक इथे थांबतात, मी थांबणार नाही, कारण नियम न पाडणाऱ्या न्या. भट यांनीच त्यांच्या निकालपत्रात लिहिलंय की एकट्याने दत्तक घेऊन नंतर लग्नाशिवाय जोडीदारासोबत राहणारी कुटुंबं प्रत्यक्षात आहेत, आणि काही अघटित घडलं तर लग्न झालेल्यांच्या दत्तक मुलांना जे फायदे मिळतात ते या मुलांना मिळणार नाहीत, म्हणून सरकारने आणि काराने याचा विचार करावा. म्हणजे वर जी दुसऱ्या आईची गोष्ट सांगितली तो प्रश्न बहुमताच्या बाजूने बसलेल्या न्यायमूर्तींनाही दिसला होता. ही एकट्या चळवळवाल्यांची मागणी नाहीये.

त्याच खटल्यात राष्ट्रीय बालहक्क आयोग विरोधात उभा होता आणि दिल्लीचा बालहक्क आयोग बाजूने. दोघंही मुलांच्या हिताचंच बोलत होते, त्यामुळे "मुलांचा विचार करा" एवढं म्हणून कोणाचीच बाजू सिद्ध होत नाही, विचार कसा केला ते दाखवावं लागतं.

मुलाला आई आणि बाप दोघंही हवेत, हा मुलाचा हक्क नाही का?

हा प्रश्न मी हलक्यात घेत नाही, मनापासून विचारणारे खूप आहेत. दोन भाग आहेत त्याचे.

एक, आपल्याच कायद्याने तो हक्क मानलेला नाही. एकटी बाई, एकटा पुरुष दत्तक घेऊ शकतो म्हणजे एका पालकाचं घर पुरेसं आहे असं कायदा स्वतःच म्हणतो, मग घरात दुसरं प्रेमाचं माणूस वाढलं की ते घर अचानक अपुरं कसं होतं? मला आजपर्यंत याचं सरळ उत्तर मिळालेलं नाही.

दोन, संशोधन. अमेरिकेत लेस्बियन आयांच्या मुलांचा एक अभ्यास १९८६ पासून चालू आहे, मुलं पोटात होती तेव्हापासून ती मोठी होईपर्यंत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००२ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये अशा पालकांना जाहीर पाठिंबा दिला. निष्कर्ष साधारण हाच येतो की मुलाचं बरंवाईट पालकांच्या लिंगावर ठरत नाही, घरातली भांडणं, पैशाची ओढाताण, माया आणि स्थैर्य यांवर ठरतं. विरोधात २०१२ चा टेक्सासमधल्या मार्क रेग्नेरस यांचा अभ्यास नेहमी पुढे केला जातो. त्याच्यावर मुख्य आक्षेप हा होता की आई किंवा बापाचं कधीतरी समलिंगी नातं होतं एवढ्यावरून मुलं त्या गटात टाकली, त्यातल्या बऱ्याच जणांचे आईबाप वेगळे झालेले होते, आणि तुलना केली न मोडलेल्या लग्नांतल्या मुलांशी. त्यात घर मोडण्याचा परिणाम दिसतो, दोन आया असण्याचा नाही.

शाळेत मुलाला चिडवतील. स्वतःच्या हौसेसाठी मुलाला त्यात ढकलायचं का?

चिडवतील, हे खरंय. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने (मनोविकारतज्ज्ञांची संघटना) २०२३ मध्ये समलिंगी व्यक्तींच्या लग्नाच्या आणि दत्तकाच्या हक्काला पाठिंबा देताना हेही स्पष्ट सांगितलं होतं की अशा घरातल्या मुलाला टोमणे आणि भेदभाव सहन करावा लागू शकतो आणि म्हणून घरातलं वातावरण मोकळं, पूर्वग्रह नसलेलं ठेवणं ही पालकांची जबाबदारी आहे, शाळा आणि समाजालाही तयार करावं लागेल. मला ही भूमिका सगळ्यात प्रामाणिक वाटते, त्यांनी त्रास लपवला नाही आणि त्रास देणाऱ्याच्या बाजूनेही उभे राहिले नाहीत.

पण चिडवणाऱ्यांच्या भीतीने कोणी आईबाप व्हायचं हे ठरवायला लागलो तर विधवेच्या मुलाचं काय, आंतरजातीय लग्नातल्या मुलांचं काय, या मुलांना गावोगावी काय काय ऐकावं लागलंय ते आपल्याला माहिती आहे. तिथे आपण म्हटलं नाही की मूल होऊ देऊ नका.

पालकांच्या बाजूने मात्र एक कर्तव्य मी नक्की सांगेन. मुलापासून लपवू नका. "ही मावशी आहे" असं दहा वर्षं सांगून मग अकराव्या वर्षी खरं सांगणं हा मुलावर अन्याय आहे. कळतंय तसं सांगत जा, आणि चारचौघांत काय बोलायचं हे ठरवायचा हक्क थोडा मुलालाही द्या.

म्हणजे मूल मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे असं तुमचं म्हणणं आहे?

नाही. मूल हा कोणाचाच हक्क नाही, समलिंगी जोडप्यांचाही नाही आणि लग्न झालेल्यांचाही नाही. दत्तक ही मुलाला कुटुंब मिळवून देण्यासाठी केलेली व्यवस्था आहे, पालकांना मूल मिळवून देणं तिच्यात ओघाने होतं. म्हणून तर होम स्टडी (सोशल वर्करने घरी येऊन केलेली चौकशी) असते, म्हणून वयाच्या अटी असतात (दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज ८५ च्या आत, एकट्यासाठी वय ४० च्या आत), आणि दत्तक झाल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी फॉलोअप असतो.

हक्क आहे तो या चाळणीतून इतरांसारखं तपासून घेतलं जाण्याचा. माझा पगार बघा, तब्येत बघा, घर बघा, शेजाऱ्यांना विचारा, आणि मी कमी पडले तर नाही म्हणा. पण दारातच "तुमचा फॉर्म घेत नाही" असं म्हणू नका.

अनाथाश्रमात एवढी मुलं पडून आहेत, त्यापेक्षा यांना द्या की, असं काही जण म्हणतात. पटतं का?

हेतू चांगला आहे पण मला हा मुद्दा आवडत नाही. पहिलं म्हणजे आकडे तसं सांगत नाहीत. कायदेशीररीत्या दत्तकासाठी मोकळी झालेली मुलं कमी आणि रांगेतले पालक त्यांच्या कितीतरी पट, लहान बाळासाठी तीन-साडेतीन वर्षं थांबावं लागतं. ज्यांना खरंच कोणी नेत नाही ती मोठी मुलं आणि विशेष गरजा असलेली मुलं. आणि दुसरं, "त्यापेक्षा" हा शब्दच चुकीचा आहे, त्याचा अर्थ होतो की चांगलं घर नाही मिळालं तर हे चालवून घ्या. कोणत्याही मुलाला चालवून घेतलेलं घर मिळू नये.

जोडपं वेगळं झालं तर?

हा प्रश्न विरोधक विचारतात, खरं तर समर्थकांनी जास्त विचारायला हवा.

२००५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टात एक केस आली. दोन बायका, दोघींनी ठरवून मुलं होऊ दिली, एकीला एक मूल झालं आणि दुसरीला जुळी, जुळ्यातल्या एकाला डाउन सिंड्रोम. जुळ्यांची आई घरी राहून मुलांना बघायची, दुसरी कमवायची. पुढे वेगळ्या झाल्या आणि काही काळाने कमावणारीने जुळ्यांसाठी पैसे देणं बंद केलं, म्हणाली माझा त्यांच्याशी रक्ताचा संबंध नाही. कोर्टाने सांगितलं की तू ठरवून, संमती देऊन ही मुलं जगात आणलीस, तुझी म्हणून वाढवलीस, तू पालक आहेस आणि पैसे द्यावे लागतील. निकालाने त्या बाईला हक्क तर दिलाच पण आधी तिच्या गळ्यात जबाबदारी टाकली, आणि मला तर हा समानतेचा निकाल वाटतो, पळून जायच्या बाबतीतही कोणाला सवलत नाही.

दक्षिण आफ्रिकेत २००२ साली असंच झालं, थोडं वेगळ्या अंगाने. दोघी बायकांनी भावाबहिणीची जोडी घरी आणली होती, पण कायदा फक्त लग्न झालेल्यांना एकत्र दत्तक घेऊ द्यायचा म्हणून एकीच्याच नावावर दत्तक झालं, अगदी आपल्याकडे आज होतं तसं. तिथल्या घटनात्मक कोर्टाने दुसरीलाही पालक केलं, आणि कारणं देताना मुलांचं हित मधोमध ठेवलं.

आपल्याकडे आज अशी जोडी फुटली तर दुसऱ्या पालकाला भेटायचा ठोस हक्क नाही आणि मुलाला खर्चाचा हक्क नाही. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली कोर्टात जाता येतं, कोर्ट मुलाचं हित बघतं, पण हातात पक्कं काही नसतं.

सरोगसी किंवा आयव्हीएफ करता येतं का?

सरोगसी जवळपास बंद. २०२१ च्या कायद्यात फक्त लग्न झालेलं जोडपं, किंवा ३५ ते ४५ वयाची विधवा किंवा घटस्फोटित बाई. अविवाहित बाई नाही, एकटा पुरुष नाही, समलिंगी जोडपं नाही. एकेकाळी मुंबईत परदेशातले गे पुरुष सरोगसीसाठी यायचे, २०१२ च्या व्हिसा नियमांनी ते थांबलं. गरीब बायकांच्या शरीराचा बाजार होत होता हा आक्षेप मला मान्य आहे, त्या बाजारावर बंधन हवंच होतं, पण बंधन पैशाच्या व्यवहारावर घालायचं की पालक कोण आहे त्यावर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आयव्हीएफमध्ये वेगळं आहे, एकट्या बाईला बँकेतून दात्याचे शुक्राणू घेऊन उपचार करता येतात. पण कागदावर आई तीच एकटी. एकीचं स्त्रीबीज आणि दुसरीचं गर्भाशय असं जोडपं म्हणून करायची सोय या कायद्यात नाही.

ज्या संस्थांना धर्मामुळे हे पटत नाही त्यांच्यावर सक्ती करायची का?

इथे खरोखर दोन हक्क समोरासमोर येतात. आपल्याकडचंच उदाहरण आहे, २०१५ मध्ये नवीन नियमांनी अविवाहित आणि घटस्फोटित लोकांनाही मुलं द्यायची म्हटल्यावर मिशनरीज ऑफ चॅरिटीने भारतातलं दत्तकाचं काम बंद केलं. समलिंगी पालकांचा तिथे थेट प्रश्नही नव्हता, एकटी आई हाच मुद्दा होता. अमेरिकेत बॉस्टनमधल्या कॅथलिक संस्थेने २००६ मध्ये असंच काम थांबवलं, आणि २०२१ मध्ये फिलाडेल्फियाच्या केसमध्ये (तिथे प्रश्न मुलं तात्पुरती सांभाळायला देण्याचा होता) तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकमताने धार्मिक संस्थेच्या बाजूने निकाल दिला.

माझं मत असं की खासगी श्रद्धा कोणाची काढून घेऊ नये, पुजाऱ्याने कोणाचं लग्न लावायचं ते त्याने ठरवावं. पण मूल कोणाला द्यायचं हे काम सरकारच्या वतीने होतं, मूल त्या संस्थेचं नसतं. ते काम घेतलं की सगळ्यांना एकच चाळणी लावायला हवी. न पटणाऱ्यांनी त्या कामातून बाजूला होण्याचा मार्ग घेतला तर मी त्याचा आदर करते, फक्त त्या संस्थेतली मुलं दुसरीकडे नीट सोपवली गेली पाहिजेत.

हे आपल्या संस्कृतीत बसत नाही.

कुटुंब रक्तानेच होतं असं म्हणायचं असेल तर पुण्यातलीच गोष्ट आठवा. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. समाजाला मान्य नव्हतं, जातीचा प्रश्न होता, जन्माचा होता. जोतिरावांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र करून त्याचा हक्क कागदावर पक्का केला. तरीही १८९० मध्ये जोतिराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं (प्रेतापुढे धरायचं मडकं) धरायच्या दत्तक मुलाच्या हक्काला भाऊबंदांनी विरोध केला आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं. फुले समलिंगी पालकांबद्दल काही बोलले होते असा दावा मी करत नाहीये. पण मनाने जोडलेल्या नात्याला माणूस गेल्यावर सगळ्यात आधी नातेवाईक आव्हान देतात हा अनुभव तेव्हाचा आणि आजचा सारखा आहे.

आजी-आजोबांना काही हक्क नाही का? आमच्या मुलीने आम्हाला न विचारता मूल आणलं.

काका, काकू, तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे. कायद्याने तुमची परवानगी लागत नाही, पण नातवंडाला तुमची गरज आहे आणि तिला विचारून बघा, बहुतेक तिलाही आहे. स्वीकार नावाचा गट आहे, समलिंगी आणि ट्रान्स मुलांच्या आईवडिलांचा, २०२३ मध्ये त्यांच्यातल्या चारशेहून जास्त पालकांनी मुलांच्या लग्नाच्या हक्कासाठी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. त्यांच्याशी बोला, तुमच्याच वयाचे, तुमच्यासारखेच घाबरलेले लोक होते ते.

आत्ता, कायदा आहे तसा असताना आम्ही काय करून ठेवू?

वकील गाठा, हे पहिलं. मग साधारण असं. दोघांनीही मृत्युपत्र करा, स्वतः कमावलेली मालमत्ता बहुतेकांना कोणालाही देता येते, त्यात मुलाचं नाव स्पष्ट लिहा आणि रजिस्टर करून घ्या. कागदावरच्या पालकाने आपल्यामागे मुलाचा सांभाळ कोणी करावा ही इच्छा मृत्युपत्रात लिहावी, कोर्टावर ती कितपत बंधनकारक ते वकिलाकडून समजून घ्या पण लिहिलेलं नसण्यापेक्षा असलेलं बरं. दुसऱ्या पालकाच्या विम्यात, पीएफमध्ये, बँकेत नॉमिनीचे नियम वेगवेगळे आहेत, एकेक तपासा, आणि नॉमिनी म्हणजे वारस नव्हे हे लक्षात ठेवा. जॉइंट खातं उघडायला समलिंगी जोडप्यांना अडचण नाही असं केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय, रेशन कार्डावरही एक घर म्हणून धरायला सांगितलंय. आणि वेगळे झालो तर मुलाचा खर्च कोण किती देणार, भेटी कशा, हे सगळं चांगले दिवस असताना लिहून सह्या करा. कोर्टात ते किती टिकेल याची हमी नाही, पण आपण काय कबूल केलं होतं हे दोघांना माहिती राहतं. मूल आणायच्या आधी हे बोलणं जमत नसेल तर थोडं थांबा, अगदी मनापासून सांगते.

होम स्टडीच्या वेळी सोशल वर्करला पार्टनरबद्दल सांगायचं का?

सगळ्यात अवघड प्रश्न. जून २०२२ मध्ये काराने परिपत्रक काढलं की लिव्ह-इनमध्ये राहणाऱ्या अविवाहित व्यक्तीला दत्तकासाठी पात्र धरू नये. म्हणजे खरं सांगितलं तर फॉर्म अडकू शकतो, लपवलं तर खोटी माहिती दिल्याचं संकट कायम डोक्यावर. मी कोणाला खोटं बोला म्हणून सांगणार नाही, निर्णय वकिलाशी बोलून घ्या. पण नियमाने काय केलंय ते बघा, होम स्टडीचा हेतूच हा की मूल कोणाकोणासोबत राहणार हे कळावं, आणि या नियमामुळे घरातल्या एका मोठ्या माणसाची तपासणीच होत नाही. मुलाच्या सुरक्षेसाठी म्हणून केलेला नियम सुरक्षाच कमी करतो.

मी शिक्षिका आहे. वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा आला किंवा दोन आया आल्या तर काय करू?

रिकामा रकाना रिकामा राहू द्या. अविवाहित आईला वडिलांचं नाव न सांगता एकटीने पालक होता येतं हे सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्येच सांगितलंय, पासपोर्टलाही २०१६ पासून एका पालकाचं नाव चालतं, आणि महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या आधी लिहायचं आहे. वर्गात सगळ्यांसमोर "बाबा कुठे असतात?" असं विचारू नका. मुलाला न्यायला कोण येऊ शकतं त्या यादीत दुसऱ्या आईचं नाव, फोटो आणि फोन नंबर कागदावरच्या आईकडून लेखी घेऊन ठेवा, तातडीच्या संपर्कातही तिला टाका. याला कोणत्याही कायद्याची परवानगी लागत नाही, उद्यापासून करता येतं.